घोंगड्याआडचे हात

१

बांगड्या भरणाऱ्याला तोंडं लक्षात राहत नाहीत, असं माझे वडील म्हणायचे. खरं आहे ते. बाजारात एखादी बाई "काय मीरासाब, वळख इसरला व्हय?" म्हणत पुढ्यात उभी राहिली, की मी नुसताच हसतो. पण तिनं हात पुढं केला की तिचं गाव, तिची सासू, मागच्या जत्रेला कुठल्या रंगावरून तिनं नवऱ्याशी वाद घातला, सगळं आठवतं. मेहमुदाशी माझा निकाह होण्याआधी मी तिचा हात पाहिला, तोंड नंतर. आखूड बोटं, भरलेला तळवा, आणि लहानपणी दारात चेमटल्यामुळं बाहेरच्या अंगाला वळलेली करंगळी. तिच्या आईनं पडद्याआडून बजावलं होतं, "माप घे, हात बघत बसू नगंस." मी दोन्ही केलं.

आम्ही कोडोलीचे मणेर. शाहू महाराज गादीवर होते त्या काळातली ही गोष्ट. आमची एकुलती एक लेक मेहरुन्निसा खाली कोकणात खारेपाटणला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोरीच्या पायांना सूज आली आणि तिला घाट चढवून आणायची कुणाची हिंमत होईना. इमाम, आमचा जावई, त्यानं माणसाबरोबर निरोप पाठवला, "अम्मांना पाठवा. ही दिवसभर त्यांचंच नाव घेती." निरोप ऐकला आणि मेहमुदानं चुलीवरचं भांडं तसंच खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आमचा छकडा वेशीबाहेर होता. रिकामी गाडी हाकणं मणेराला जमत नाही, म्हणून मी मागं बांगड्यांच्या माळा घेतल्या. वाटेत दोन पैसे सुटतील, एवढाच हिशेब.

घरात आमची बोली वेगळी. पण सगळा जन्म मराठीत बांगड्या विकण्यात गेला, तेव्हा मराठीतच सांगतो.

२

साळवण मागं पडलं, चढ लागला आणि उजवा बैल लंगडायला लागला. खुराची पत्री कुठंतरी गळून पडली होती. मेहमुदाच्या अंगात सकाळपासून कसर होती, ती चादर गुंडाळून मागं आडवी झाली होती. मी उतरून बैलाच्या बरोबरीनं चालत होतो. दिवाळी होऊन गेली होती, ऊन असायला हवं होतं, पण घाटमाथ्यावर धुक्याला कुणाचं बंधन नसतं. दुपार कलली तशी पुढची वाट दिसेना. पाय दुखत होते, कंबर दुखत होती, आणि दर दहा पावलांवर मागून आवाज येत होता, "अवो, आलं का?"

आलं ते आडपेठ. पेठ म्हणायची एवढंच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जांभ्या दगडाची बुटकी घरं. पावसाळ्यात वाऱ्याला आडवे बांधलेले गवताचे तट्टे अजून कुणी सोडलेले नव्हते, त्यामुळं घरं डोळे मिटून बसल्यासारखी दिसत होती. एका घरापुढं तेवढा तट्टा बाजूला सारलेला होता. पडवीत एक जाडजूड माणूस अडकित्त्यानं सुपारी कातरत बसला होता.

"या पावणं," तो तिथनंच ओरडला. "कुठनं आलासा?"

मी सांगितलं. बैलाचा पाय दाखवला.

"पत्री मारनारा सकाळी येतोय. आता घाट उतराय गेलासा तर बैल बी जाईल आनि तुमी बी. ऱ्हावा की आजची रात. मी हंबीरराव, घर माझंच हाय. बाईला आत पाठवा, माझ्या आईपाशी शेकत बसंल."

मेहमुदाला उतरवली. खांद्याला धरून चालवली तरी ती झोकांड्या खात होती. दारात काळं घोंगडं टांगलेलं होतं. ते आतून कुणीतरी किंचित बाजूला केलं, एक म्हातारा आवाज म्हणाला, "ये गं बाई, ये," आणि मेहमुदा आत गेली.

हंबीररावांनी गाडीतल्या माळा पाहिल्या. "मणेर हायसा न्हवं? मग बरंच झालं. आमच्या बायांचे हात लई दिस मोकळं हाईत."

हे मला खटकलं. नवरा असलेली बाई जेवायचं विसरेल, पण मोकळ्या मनगटानं दिवस काढणार नाही. एक बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर दोरा बांधून ठेवतात, पण मनगट उघडं ठेवत नाहीत. डोंगरात मणेर वर्षातून एखादाच येत असेल, अशी मी समजूत घातली. दमलेला माणूस स्वतःची समजूत फार लवकर घालतो.

३

"आमच्यात गोषा हाय," हंबीरराव म्हणाले. "बाया भाईर येनार न्हाईत. घोंगड्याखालनं हात देतील."

कोल्हापुरात सरदारांच्या घरी मी अशा बांगड्या भरल्या आहेत. पडद्याखालून हात येतो, आपण नाव विचारायचं नाही, वर बघायचं नाही. पण या पेठेत, जिथं बाया शेणी थापत असणार आणि डोक्यावर मोळ्या आणत असणार, तिथं गोषा? मला हसू आलं. ऐपत नसली तरी थाट असतो एकेकाचा. मी पडवीत पोतं अंथरलं, माळा सोडल्या, तेलपाण्याची वाटी शेजारी ठेवली आणि घोंगड्यापुढं मांडी घातली.

आत पायांचा आवाज झाला. बाया जमत होत्या. म्हातारी, हंबीररावांची आई बाळाबाई, त्यांना ओळीनं बसवत होती.

पहिला हात आला. लांब, हाडकुळी बोटं. मनगट अरुंद. अनामिकेचं नख मधोमध उभं चिरलेलं. हात गार होता, पण डोंगरात सगळ्यांचेच हात गार असतात. मी तेल लावून तो मऊ केला, अंगठा तळव्यात दुमडला आणि हाडावरून एकेक हिरवी बांगडी सरकवली. आतली बाई हसली. तरुण होती. डावा झाला, उजवा झाला. रीतीप्रमाणं एक बांगडी फुकट जास्तीची घातली. तिनं घोंगड्याआडून जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि हात आत गेला.

दुसरा हात आला. "वाईच सैल भरा, मणेर," आवाज घोगरा, वयस्क. हात लांब, हाडकुळा, अनामिकेचं नख मधोमध चिरलेलं.

बहीण असेल, नाहीतर आत्या. एका घरातले हात एकसारखे असतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत. मी बांगड्या भरल्या.

तिसरा हातही तोच.

४

आता मी लक्ष देऊन बघायला लागलो. मनगटाच्या हाडाखाली मोहरीएवढा तीळ. तर्जनीच्या पेराजवळ पोळल्याचा जुना पांढरा डाग. आवाज मात्र दर वेळी निराळा. एकीला खोकला होता, एकीचा हेल कानडीकडचा होता, एक तर लाजून बोलेचना, तिच्या वतीनं बाळाबाईच सांगत होती, "हिला लाल भरा."

चेष्टा चाललीय माझी, मी ठरवलं. एकच कुणी बाई पुन्हा पुन्हा हात देते आणि बाकीच्या मागून बोलतात. बायका मणेराची चेष्टा करतात, त्यात नवीन काही नाही. पण मग घातलेल्या बांगड्या जातात कुठं? मी मुद्दाम लहान माप काढलं. हातावर घट्ट बसणारी बांगडी उतरवायची एकच रीत, ती फोडायची. आणि नवी कोरी बांगडी फोडणारी बाई मी अजून पाहिली नाही. काच फुटल्याचा आवाजही नव्हता. उलट आतून किणकिण ऐकू येत होती. भरलेले हात अंधारात हलत होते. ऐकून कळत होतं की ते पुष्कळ आहेत.

ते लहान माप सरकवताना बांगडी माझ्या हातात तडकली. काच त्या मनगटावरून ओढली गेली, तिरपी, अंगठ्याच्या मुळापर्यंत. रक्त आलं. आतली बाई कळवळली नाही, हात मागं घेतला नाही. मी घाईनं फडक्यानं पुसलं, "माफ करा आक्का" म्हणालो, दुसरी बांगडी भरली आणि हात सोडला.

पुढचा हात आला. मनगट मोकळं. आवाज म्हातारा, दात नसलेला. "माझ्या म्हातारीला चार बास झाली, बाबा."

मनगटावर अंगठ्याच्या मुळापर्यंत तिरपा ओरखडा होता आणि त्यातून ताजं रक्त येत होतं.

माझ्या हातातली माळ खाली पडली. हंबीरराव मागं सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज थांबला.

"काय झालं, मणेर?"

"काय न्हाय," मी म्हणालो. खरं सांगतो, मला भीतीपेक्षा कंटाळा जास्त आला होता. हे हात संपावेत, भाकरी मिळावी आणि पाठ टेकावी, एवढंच वाटत होतं. मी हाक मारली, "मेहमुदा?"

"हाय की," ती आतून म्हणाली. आवाज तिचाच, झोपाळलेला. "शेकतीया. चांगल्या हाईत हो बाया. माझं पाय चेपून दिलं."

"समद्यांच्या हातांत बांगड्या हाईत का, बघ जरा."

मग ती म्हणाली, "हाईत की. हिरव्या, लाल. असं काय इचारताय?"

मग मी म्हातारीला चार बांगड्या भरल्या. रक्त माझ्या बोटांना लागलं, ते मी धोतराला पुसलं.

५

रात्री पडवीत झोपलो. मेहमुदा आत. बोलावली होती मी तिला, पण बाळाबाई म्हणाली, "तापलीया बाई, भाईर गार वाऱ्यात कशाला?" आणि ते बरोबरच होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या मी सगळं पुन्हा लावून पाहिलं. अंधुक उजेड, म्हातारे डोळे, दिवसभराची चाल. रक्त माझ्याच बोटाचं असेल, नव्या हाताला लागलं असेल. नख तर चुलीपाशी काम करणाऱ्या कुणाचंही चिरतं. असं जोडत जोडत मी झोपलो.

सकाळी धुकं होतंच. पत्री मारणारा येऊन गेला, बैलाचा पाय सुधारला. मी गाडी जुंपली आणि हाक मारली. मेहमुदाऐवजी बाळाबाईचा आवाज आला.

"मणेर, रातीत तुमच्या बाईची काकणं वाढली. झोपंत सारीच्या सारी. मोकळ्या हातानं सवाशीन दारातनं कशी जाऊ द्याची? भरा तेवढी."

"गाडीत भरतो की," मी म्हणालो.

"न्हवं. आमच्या घरात वाढली, आमच्याकडनंच भराय पायजेत. लेक म्हनून पाठवाची तिला."

हंबीररावांनी तोवर माझ्या पोत्यात बांगड्यांच्या मोलाचे तांदूळ ओतलेसुद्धा. "घ्या. आमच्या घरचा चुडा."

पाहुण्या सवाष्णीला बांगड्या भरून पाठवायचं, ही रीत सगळीकडं आहे. त्याला नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. स्वतःच्या बायकोच्या चुड्याचे तांदूळ घेताना मला अवघडल्यासारखं झालं खरं, पण मी घेतले. मेहरुन्निसा वाट बघत होती, घाट उतरायचा होता, दाराशी घोळ घालायला वेळ नव्हता. म्हणून मी पुन्हा त्या घोंगड्यापुढं बसलो.

चुडा ज्या घरचा, बाई त्या घरची. लग्नात मी शेकडो पोरींना सासरचा चुडा भरला आहे आणि भरताना त्या का रडतात हे मला माहीत आहे. त्या सकाळी मात्र ते माझ्या डोक्यात आलं नाही.

हात आला. आखूड बोटं, भरलेला तळवा, बाहेर वळलेली करंगळी. मेहमुदाचा हात. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला हळूच चिमटा काढला. तिनं माझी बोटं दाबली. डावा भरला, उजवा भरला, फुकटची एक घातली. हात आत गेला.

"चल आता," मी म्हणालो.

"एक ऱ्हायली, मणेर," बाळाबाई म्हणाली. "तेवढी भरा नि जावा."

घोंगड्याखालून हात आला. मोकळा. आखूड बोटं, भरलेला तळवा, बाहेर वळलेली करंगळी. आणि मागून कानडी हेलाचा तो कालचा आवाज आला, "हिरवीच भरा, मणेर."

६

मी घोंगडं ओढलं.

गोषा मोडला म्हणून हंबीरराव अंगावर येतील असं वाटलं होतं. ते नुसते सुपारी चघळत बघत राहिले.

आत लांबट खोली होती. शेगडीतले निखारे विझत आलेले. भिंतीला टेकून बाया बसल्या होत्या, या टोकापासून पार अंधारापर्यंत. सगळ्यांची डोकी पदराखाली आणि सगळ्यांचे हातही पदराखाली. माझ्यापुढं आत्ता हात करणारी कुणीच दाराजवळ नव्हती. बांगड्या वाजत होत्या, कोण हलतंय ते दिसत नव्हतं.

शेगडीपाशी मेहमुदा चादर गुंडाळून बसली होती. तिनं मान वळवली. तोंड तिचंच होतं, थोडं उतरलेलं.

"चला की," ती म्हणाली. "उशीर व्हतोय. पोर वाट बघती."

मी तिला दंडाला धरून उठवली, जवळजवळ फरफटत बाहेर आणली आणि गाडीत बसवली. कुणी अडवलं नाही. मागून बाळाबाईचा आवाज आला, सासरी निघालेल्या लेकीला म्हणतात तसा. "संभाळून जा गं बाई." मी बैलांवर असा आसूड कधी ओढला नव्हता.

७

घाट उतरताना छकडा प्रत्येक दगडावर आपटत होता. घाटातल्या गाडीत नव्या बांगड्यांनी कान किटून जायला हवेत. मागून काही आवाज येत नव्हता. चाकं, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, आणि मागं काही नाही.

"मेहमुदा, हात दाखव."

"थंडी वाजतीया मला."

मी वळून पाहिलं नाही. बैलांवर नजर हवी, असं मी स्वतःला सांगितलं, आणि घाटात ते खोटं नव्हतं.

खारेपाटणला पोचलो त्या दिवशीच पोरीला कळा सुरू झाल्या. मी आणि इमाम अंगणात बसलो होतो. आतून मेहरुन्निसाचं ओरडणं ऐकू येत होतं, मध्येच मेहमुदाचा शांत आवाज, तिला धीर देणारा. दिवस कलायला आला तेव्हा मुलगी झाली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "तुमची बाई होती म्हणून पोर वाचली."

मला आत बोलावलं. खिडकीतून ऊन येत होतं. मेहरुन्निसा पडली होती, घामानं भिजलेली, हसणारी. मेहमुदा शेजारी बसली होती आणि नातीला दोन्ही हातांत धरून नाळेवरचं फडकं नीट करत होती. चादर खांद्यावरून घसरली होती.

हात लांब होते. बोटं हाडकुळी. अनामिकेचं नख मधोमध उभं चिरलेलं. अंगठ्याच्या मुळाशी तिरप्या ओरखड्यावर खपली धरली होती. मनगटं मोकळी होती.

"अब्बा," मेहरुन्निसा म्हणाली, "अम्माचे हात किती गार पडलेत, बघा. रस्त्यात तुमी तिला नीट पांघराय दिलं न्हाई."

मी काय बोलणार? बाळंतिणीसमोर, लेक आईचं मनगट घट्ट धरून पडलेली असताना? मी म्हणालो, "चुकलं माझं," आणि अंगणात जाऊन बसलो. नात रडत होती. तिला घेतलेले ते हात ती रडायची थांबेपर्यंत हळूहळू हलत होते, हे मला दारातून दिसत होतं.

८

परत येताना आम्ही फोंड्याच्या घाटानं आलो. तिनंच सुचवलं, आणि मी हो म्हणालो.

कोडोलीत सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. कालवणात मीठ तेवढंच. माझ्यावरची कुरकुर तेवढीच. मी मुद्दाम जुन्या गोष्टी काढायचो, तिची आई काय म्हणाली होती, मेहरू कुठल्या जत्रेत हरवली होती. ती सगळं बरोबर सांगायची, वर माझीच चूक काढायची. तापानं बोटं वाळतात, मी म्हणायचो. वयानं हात बदलतात. पण वळलेली करंगळी सरळ होत नाही, आणि पन्नाशीच्या बाईची बोटं लांब होत नाहीत, हे माझ्या मनात बसलं होतं. एकदा मी तिच्यापुढं हिरवी माळ धरली. ती म्हणाली, "मला कशाला आता, नातवंडं झाली." बांगड्या तिनं घातल्याच नाहीत. शेजारपाजारच्या बाया मला विचारायला लागल्या, नवरा मणेर आणि बायको उघड्या हातानं कशी?

घरात आलेल्या त्या बाईचा मला राग येत नव्हता, हे सगळ्यात वाईट. तिनं माझ्या लेकीला सोडवलं होतं. ती माझ्या शेजारी झोपायची आणि मी जागा राहून विचार करायचो की माझी बायको कुठं झोपली असेल.

होळी झाली आणि मी गाडी जुंपली. बाजाराला जातो म्हणून सांगितलं. तिनं भाकरी बांधून दिली आणि विचारलं, "कुठल्या?" मी बैल हाकले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

आडपेठेत ऊन होतं, तरी तट्टे सोडलेले नव्हते. हंबीरराव पडवीत होते. "या की, मणेर. वाट बघत हुत्या समद्या."

"माझी बायको द्या," मी म्हणालो. वाटेत पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं, तोंडातून एवढंच निघालं.

त्यांनी घोंगड्याकडं बोट दाखवलं. मी बसलो. माळा सोडल्या. आत बाया ओळीनं बसल्याचा आवाज झाला.

पहिला हात आला. मोकळा. आखूड बोटं, भरलेला तळवा, बाहेर वळलेली करंगळी. मी तो दोन्ही हातांनी धरला. "मेहमुदा," मी म्हणालो. मागून एक तरुण बाई हसली.

दुसरा हात आला, मेहमुदाचा. आवाज घोगरा. तिसरा, मेहमुदाचा. ती खोकली. मी प्रत्येक हाताला नावानं हाक मारली आणि प्रत्येक हातानं माझी बोटं दाबली, ती दाबायची तशीच.

"मणेर," आतून बाळाबाई म्हणाली, अगदी समजुतीनं, "कुठली न्याची ती न्या. आमी कवा न्हाई म्हनलं?"

एकदा मी या घरातून हाताला धरून बाई नेली होती. पुन्हा ओढली तर या हातामागून कोण बाहेर येईल? मी ठरवू शकलो नाही. पाठ दुखत होती, डोळ्यांना धड दिसत नव्हतं. मी भरत राहिलो. डावा, उजवा, फुकटची एक. पुन्हा डावा. सगळ्या माळा संपल्या, मोकळ्या दोऱ्या पोत्यावर पडल्या, तरी घोंगड्याखालून हात आला आणि माझी बोटं चाचपायला लागला.

"बांगड्या संपल्या," मी म्हणालो.

"अवो," आतून आवाज आला. ना तरुण, ना घोगरा. "मेहरू सुटली का नीट? काय झालं तिला?"

बाकीचं सगळं त्या घरातल्या बायांना माहीत असेल. पण मेहरूचं काय झालं हे विचारायची गरज एकीलाच होती, जिची ती लेक आणि जी इथंच मागं राहिली होती.

"पोरगी झाली," मी म्हणालो. "दोघी बऱ्या हाईत. केस लई हाईत तिला, तुझ्यागत."

त्या हातानं माझी बोटं दाबली, थोडा वेळ तसाच राहिला, मग सोडून आत गेला. त्यानंतर दुपारपर्यंत मी तिथं बसून होतो, पण घोंगड्याखालून कुणाचाच हात आला नाही. एवढी वाट चालून मी आलो होतो, तिचा हात माझ्या हातात होता, मला पक्कं माहीत होतं की तो तिचा आहे, आणि ओढायचं सोडून मी उत्तर देत बसलो.